अकरा वाजताची काडी

बिबवेवाडीमागच्या डोंगरावर सरुबाईने सात वर्षं झाडं जगवली. डोंगर म्हणजे तिच्या सासरच्या गावाचं गायरान. गाव शहरात गेलं, गुरं विकली गेली आणि झाडं लावणाऱ्या एका संस्थेने तिला रोजावर ठेवलं. पाण्याचे कॅन वाहून तिचा उजवा खांदा कायमचा खाली आला, पण नऊशे झाडं डोक्याच्या वर गेली.

निम्मा जन्म गुरांमागे गेलेला, म्हणून तिथला वारा तिला अंगावरच कळायचा. रात्री गारठलेली हवा सकाळपर्यंत घळीतून खाली वाहत राहते. उताराला ऊन लागलं की सगळं उलटतं आणि वारा वर चढू लागतो.

वणवा आला तर अडावा म्हणून दर फेब्रुवारीत पायथ्याच्या वाळक्या गवताचा एक पट्टा मुद्दाम जाळावा लागे. ती ते सकाळी आठच्या आत उरकायची. तेव्हा आग झाडांकडे न जाता खाली सरकते.

यंदा संस्थेचा नवा प्रमुख आला, विक्रम. आयटीतला. स्वयंसेवकांनाही हे दाखवू, म्हणाला. रविवारी सरुबाई सातला हजर होती. मंडळी नाश्ता करून अकराला आली.

"दादा, आज नगं. वारं वर चढाया लागलंय."

विक्रमने मोबाइल पुढे धरला. "मावशी, वारा ताशी सहा किलोमीटर आहे. काहीच नाही."

"त्ये शहराचं असंल. घळीचं न्हाय."

"वीस लोक सुट्टी मोडून आलेत हो. पेटवा तुम्ही, आम्ही आहोत ना."

नाही म्हणता आलं असतं. पण उद्याचा रोज त्याच्याच हातात होता. तिने काडी ओढली.

धूर घटकाभर सरळ उभा राहिला आणि मग डोंगराकडे झुकला. आग घळीत शिरली नि वर धावत सुटली. स्वयंसेवक खाली पळाले, सरुबाई वर. ओल्या फांदीने झोडपता झोडपता तिचा हात कोपरापर्यंत भाजला. तासाभरात नऊशे झाडांचे काळे खुंट उरले.

संस्थेच्या अहवालात कारण आलं: स्थानिक मजुराचा निष्काळजीपणा. सून दीपमालाने ते मोबाइलवर वाचून दाखवलं. चार दिवसांनी विक्रम मलमाची ट्यूब घेऊन दारात आला.

"मावशी, तुमचं नाव कुठेही येऊ दिलं नाही मी."

"मग दुसरं कोन मजूर हुतं तिथं?"

त्याने ट्यूब पुढे केली. "वरून फार प्रेशर होतं..."

"काडी मी वढली, ते खरंच हाय," ती म्हणाली. "पन वढ म्हनलं कोन, त्ये बी लिवायचं हुतं."

तिने त्याला आत या म्हटलं नाही. ट्यूब उंबऱ्यावर ठेवून तो गेला.

हल्ली ती कर्वेनगरला मुलींच्या हॉस्टेलात भांडी घासते. साबणाने हाताची कातडी अजून सोलवटते. डोंगरावर या पावसाळ्यात नवी रोपं लागली. ती बघायला गेली नाही.