पाच इंची पट्टी

“भैया, पाँच इंचवाली पट्टी खतम हो गई. गोल बाजार से ले आइए. चार नहीं, छह नहीं, पाँच.”

असं म्हणून आमच्या दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या ताई उजव्या हाताची पाचही बोटं पेशंट बाईच्या नवऱ्यासमोर पसरून दाखवत. नवरा कुरकुरत निघे. पाच इंची पट्टी गोल बाजारात कोणाकडेच नसते, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं.

दवाखाना रायपूरच्या बूढापाऱ्यातला, लहानसा. मी दाराजवळच्या टेबलावर रजिस्टर घेऊन बसायचो. रायपुरात बायका फार पडतात, हे मला त्या नोकरीत कळलं. तुमच्याही पाऱ्यात, मोहल्ल्यात पडत असतील, जरा कान देऊन बघा. जिन्यावरून पडतात, बाथरूममध्ये पडतात, दाराच्या कडीवर जाऊन आपटतात. पुरुषांचा तोल मात्र देवानं उत्तम घडवलेला. होळीच्या दुसऱ्या दिवशी तर शहरातले सगळे जिने एकदम निसरडे व्हायचे. आणि पडलेल्या बाईबरोबर नवरा हटकून यायचा, ती कशी पडली ते तोच सांगायचा. मी वळणदार अक्षरात लिहून घ्यायचो, ‘जिन्यावरून पडली’. डॉक्टरांना माझं अक्षर आवडायचं. पोलिसांची भानगड त्यांना आवडत नसे. दोन्ही आवडीनिवडी मी मनापासून सांभाळल्या.

नवरा बाहेर गेला की ताई पडदा ओढत, कापसाला औषध लावत आणि सहज विचारावं तसं विचारत, “पायऱ्या किती?”

काही बायका घाईघाईनं आकडा सांगत. काहींना आकडाच सुचत नसे. ताई कोणाच्या मागे लागत नसत. तुझं काही चुकलं नाही, एवढं सांगत आणि महिला हेल्पलाइनचा नंबर तीनदा म्हणवून घेत. लिहून कधीच दिला नाही. कागद नवऱ्याला सापडतो, पाठ केलेलं सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. तासाभरानं नवरा घामाघूम होऊन येई, चार आणि सहा इंची दोन्ही पट्ट्या घेऊन. आमचं कपाट नवऱ्यांनी आणलेल्या पट्ट्यांनी गच्च भरलं होतं. दवाखान्यानं कित्येक वर्षं पट्टी म्हणून विकत घेतली नाही. डॉक्टर याला आपला काटकसरी कारभार समजत.

माझ्या अक्षराचं कौतुक न करणाऱ्या तेवढ्या ताईच होत्या. एकदा रजिस्टरातल्या एका बाईच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “काहून असं लिहून राहिले तुम्ही, भाऊ? उद्या हिले कोर्टात जा लागलं, तर तुमचा हा जिना आडवा येईन.”

मी म्हणालो, जे सांगतात ते लिहितो. मी पडलो प्रामाणिक माणूस.

मग बीरगांवची ती पोरगी आली. विशीतली, कारखान्यात काम करणाऱ्याची बायको. तिसऱ्यांदा पडली होती, या वेळी भुवईवर चार टाके पडले. बीरगांवात दवाखाने नाहीत असं नाही, पण तिथं लोक ओळखीचे. नवरा मात्र काय सालस! माझ्या पाया पडला. आपण नागपूरकडचे, मराठीच, असं सांगून खुर्ची ओढून बसला. म्हणाला, “काका, तुम्हीच समजवा तिले. चालताना लक्षच नसते तिचं.”

इतका आदर मला घरातही मिळत नाही. मी विरघळलो. तेवढ्यात ताई पडद्याआडून बाहेर आल्या, पाच बोटं पसरली. आणि मी, उपकारी माणूस, म्हणालो, “उन्हात कशाला जाता? कपाटात ढीगभर पट्ट्या आहेत की.”

उठून कपाट उघडूनही दाखवलं.

तो हसला. मग आत जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला, ड्रेसिंग संपेपर्यंत. ताईंनी पायऱ्या विचारल्या नाहीत. सातव्या दिवशी टाके काढायला या, एवढंच सांगितलं.

सातव्या दिवशी ती आली नाही. आठव्या दिवशी ताई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “गाडी काढा, भाऊ. तुमचा जिना पाहून येऊ.”

पत्ता माझ्याच रजिस्टरात होता. बीरगांवात एका ओळीत बसक्या खोल्या, वर पत्रे, दाराला एक उंबरठा. जिना सोडा, चढण्यासारखं तिथं काही नव्हतं. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, परवाच सामान घेऊन गेले दोघं, कुठे ते ठाऊक नाही.

ताई उंबरठ्यावर बसल्या. पर्समध्ये टाके काढायची कात्री गॉजमध्ये गुंडाळून आणली होती, ती हातात धरून.

“टाके राहिले तिचे,” म्हणाल्या.

ती पोरगी आता सुखात आहे, असं लिहायला मला फार आवडेल. पण मला काही माहीत नाही. मी तिचा घात केला, एवढंच माहीत आहे.

ताई निवृत्त होऊन दुर्गला मुलीकडे गेल्या. नवीन सिस्टर चटपटीत आहे, कोणाला बाजारात धाडत नाही. कपाट हळूहळू रिकामं झालं. पट्ट्यांचा खर्च अचानक कसा वाढला, म्हणून डॉक्टर माझ्याकडे संशयानं बघतात.

मागच्या आठवड्यात एक जोडपं आलं. बाईचा ओठ फुटलेला. नवरा सांगू लागला, जिना ओला होता. मी पेन खाली ठेवलं आणि हाताची पाचही बोटं पसरली.

“भैया, पाँच इंचवाली पट्टी खतम हो गई. गोल बाजार से ले आइए.”

तो कुरकुरत गेला. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. मी ताईंचा प्रश्न विचारला, त्यांच्याइतक्या हळू आवाजात. बाईनं दाराकडे बघून घेतलं.

“हमारे घर में जीना ही नहीं है, भैया,” म्हणाली.

मी रजिस्टर उघडलं आणि तेच लिहिलं. त्या दिवशी माझं अक्षर फार वाईट आलं.