डावा काठ

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंना मुलं होकाबाई म्हणत. होकायंत्रातला होका. डावं-उजवं हे शब्द बाईंच्या तोंडात कधी नसत. 'उत्तरेकडच्या कपाटातून खडू आण', 'पूर्वेच्या रांगेतली बडबड बंद करा', अशी त्यांची भाषा. एकदा दाढ दुखत होती म्हणून त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि पश्चिमेकडची दाढ म्हणून सांगितलं. डॉक्टरने खुर्ची फिरवली आणि भलत्याच दाढेवर टकटक केलं. ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत मीच पसरवली. मी चित्रकला शिकवायचो. बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी-शेजारी होती, आणि बावीस वर्षं त्यांच्या नकाशांतल्या नद्या मी रंगवल्या. नदी उगमापाशी बारीक आणि मुखाकडे जाड काढा, सगळीकडे एकाच जाडीची नदी म्हणजे नळ, असं त्या मला दर वर्षी ऐकवत.

कुणी चुकीचं बोललं की दुरुस्त केल्याशिवाय बाईंना अन्न गोड लागत नसे. गणिताच्या सरांच्या निरोप समारंभात मुख्याध्यापक गहिवरून म्हणाले, सरांच्या नोकरीचा सूर्य आज मावळतोय. बाई शेजारून मला म्हणाल्या, सूर्य जागचा हलत नाही. त्यामुळे लोक त्यांना टाळत. मीही टाळायचो, खोटं कशाला बोलू. शहाण्या माणसाच्या शेजारी बावीस वर्षं बसणं सोपं नसतं.

एकाच गोष्टीत बाईंनी हार खाल्ली होती, ती म्हणजे नदीचे काठ. पुस्तकात एक छोटी चौकट आहे. नदी ज्या दिशेला वाहते त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, मग डाव्या हाताला येतो तो डावा काठ. जगभर असंच मोजतात. पण आमच्या गावात उलटं. पूर्वी माल घेऊन होड्या खालून वर, प्रवाहाच्या विरुद्ध यायच्या. नावाड्यांच्या डाव्या हाताला जो काठ दिसायचा त्याला ते डावा म्हणायचे. होड्या बंद होऊन साठ वर्षं झाली, नाव मात्र चिकटून राहिलं. गावाचा डावा काठ म्हणजे पुस्तकातला उजवा. बाई हा प्रश्न परीक्षेत एका मार्काला घालायच्या आणि अर्धा वर्ग दर वर्षी आपटायचा. एका वर्षी पालकांनी गर्दी केली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या डाव्या काठावर राहतो आणि ही बाई आमच्या पोरांना उजव्या काठावर नेऊन बसवते, म्हणाले. मुख्याध्यापकांनी बाईंना समजावलं की एका मार्कासाठी कशाला डोकं फोडायचं. आठवड्याभराने बाईंनी ती चौकट सोडून दिली. अकरा वर्षं शिकवली नाही.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. आई लवकर गेली तेव्हा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता, त्याला त्यांनीच वाढवला. तो सुतार झाला. भूगोलात तो कायम काठावर पास, पण दार असं बसवायचा की बंद करताना आवाज होत नसे. नदीच्या सखल बाजूला, गावाच्या भाषेत उजव्या काठावर, त्याचं घर आणि घरातच कारखाना. तिथे नदी वळते. वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साचून सपाट जमीन झालेली, आणि त्या फुकटच्या जमिनीवर चाळीसेक घरं. बाहेरच्या बाजूला नदीने कापलेला उंच कडा, त्यावर आमची घरं. बाईंनी भावाला तिथे घर बांधू नको म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, ताई, तुझ्या भूगोलात राहायला परवडणारी जागा एखादी असली तर सांग.

त्या दिवशी आमच्याकडे लख्ख ऊन होतं. पाऊस वर, डोंगरात पडत होता, तीन दिवस. सकाळी नऊ वाजता भोंगा लावलेली गाडी आमच्या दारात आली. धरणातून पाणी सोडणार, डाव्या काठाच्या सगळ्यांनी पाचच्या आत घरं सोडावीत. आमच्या उंचावरच्या घरांनी पाण्याला का घाबरावं, हे नवल वाटलं खरं, पण दोन वर्षांपूर्वी कड्याचा एक तुकडा ढासळला होता, म्हणून आम्ही समजलो की कडा खचेल. कुरकुरत सगळे निघाले. जायचं कुठे, तर समोरच्या काठावर, सोयऱ्यांकडे. मी कपड्यांचं गाठोडं घेऊन सरळ शाळेत आलो. शाळा टेकडीवर, त्यामुळे तिला सुट्टी नव्हती.

अडीच वाजता बाई तास संपवून आल्या आणि माझं गाठोडं बघून म्हणाल्या, घरातून हाकललं की काय? मी म्हटलं, डावा काठ रिकामा करायला सांगितलाय ना.

"पण तुम्ही तर उजव्या काठावर राहता," त्या म्हणाल्या. नेहमीच्या सवयीने, चूक सुधारल्यासारख्या.

मी कपाळाला हात लावणार होतो. तेवढ्यात बाई खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी समोर बसून पाहिला. हुकूम कुणी काढलाय, त्यांनी विचारलं. धरणाच्या ऑफिसने, मी म्हणालो. बाई उठल्या आणि पर्सही न घेता निघाल्या. मला म्हणाल्या, स्कूटर काढा.

नगर कार्यालयात साहेब नव्हते. ते आमच्याच बाजूची घरं रिकामी करायला उभे होते आणि त्यांचा फोन सतत व्यस्त. टेबलावर एक तरुण कारकून होता, आमच्याच शाळेचा. सकाळचं पत्र त्यानेच वाचून गाडी कुठे पाठवायची ते ठरवलं होतं. त्याने पत्र दाखवलं. त्यात एवढंच होतं: डाव्या काठावरील रहिवासी. बाईंनी त्याच्या टेबलावरच्या कागदावर नदी काढली, वळण काढलं, बाण काढला. डावा म्हणजे डावा, बाई, मी इथेच वाढलोय, असं म्हणाला. बाईंनी पुस्तकातली चौकट शब्दाला शब्द म्हणून दाखवली.

"हे आम्हाला शिकवलं नव्हतं, बाई," तो म्हणाला.

उद्धटपणा नव्हता त्यात. पोरगा घाबरला होता. बाईंनी टेबलाची कड धरली. त्यांनी त्याला धरणाच्या ऑफिसला फोन लावायला सांगितलं; लागत नव्हता. लावत राहा म्हणाल्या. साडेतीन वाजले होते. तीनला दरवाजे उघडले असतील तर पाणी गावात यायला दोन-अडीच तास, हे त्यांनी जिना उतरता उतरता सांगितलं. मला त्या क्षणीही वाटत होतं की बाई नेहमीसारखं काहीतरी सिद्ध करायला निघाल्यात. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

सखल वस्तीत त्या दिवशी लग्नघरासारखी गर्दी होती. प्रत्येक घरात समोरच्या काठावरचे पाहुणे. दारात चपलांचे ढीग, गल्लीत गाद्या. बाईंच्या भावाकडे त्याची सासू होती. तिच्या कमरेचं हाड मोडलेलं, खाटेवरून हलता येत नसे. त्याच सकाळी चार माणसांनी तिला खाटेसकट हातगाडीवरून पूल ओलांडून आणली होती. भाऊ घामाने भिजलेला, नुकता जेवायला बसलेला. वहिनी आणि सात वर्षांची भाची वाढत होत्या.

बाईंनी सगळं सांगितलं. कारखान्यातल्या जमिनीवर लाकडाचा भुसा पसरलेला होता, त्यात बोटाने नदी काढली. भाऊ हातातला घास ताटात ठेवून बघत होता.

"ताई, सकाळी चार माणसांनी आणलंय आईंना. आता तुझ्या एका मार्कासाठी परत नेऊ?" तो म्हणाला. पण हसत म्हणाला. मग त्या भुशातल्या बाणाकडे बघून गंभीर झाला आणि विचारलं, "नक्की का? तुझी शपथ घेऊन सांग."

बाई थांबल्या. मी दारात उभा होतो. मनात म्हणत होतो की हो म्हणा, नुसतं हो म्हणा.

"पत्र लिहिणारा बाहेरचा असेल तर नक्की," त्या म्हणाल्या. "तो आपल्या गावचा असेल आणि गावच्या हिशेबाने लिहिलं असेल, तर माझं चुकत असेल."

भावाने मान हलवली. त्याचंही बरोबर होतं. हलवलं की म्हातारी किंचाळायची, आणि बाईंच्या बोलण्यात ती एक फट होती. तो म्हणाला, धरणाच्या ऑफिसला फोन लागू दे, नक्की कळू दे, मग मी माणसं गोळा करून आईंना घेऊन येतो, तू या दोघींना पुढे ने. वहिनी नको नको म्हणत होती, त्याने तिला दामटून उठवलं.

आम्ही गल्लीत आलो. शेजारच्या ओट्यावर एक बाई भांडी घासत होती. तिने विचारलं, का हो बाई, तोंड असं का उतरलंय? होकाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आता उगमापासून सुरुवात करतील असं मला वाटलं. चाळीस घरं, प्रत्येक घरात पुस्तकातली चौकट, प्रत्येक घरात नक्की का.

"धरण फुटलं," बाई म्हणाल्या.

भांडं तिच्या हातातून पडलं. बाई पुढच्या दाराशी गेल्या, तिथेही तेच. तिसऱ्या दारापासून त्या ओरडायला लागल्या. बावीस वर्षांत मी त्यांना वर्गातही ओरडताना ऐकलं नव्हतं. कसं कळलं, कुणी विचारलं, तर म्हणाल्या, मी बघून आले. धरण तिथून किती दूर, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. जो माणूस कधी खोटं बोलत नाही त्याचं पहिलं खोटं रोख पैशासारखं चालतं. गल्ली उलटली. पोरं काखेत, म्हातारी पाठीवर, लोक पुलाकडे पळत सुटले.

भाऊ दारात आला. त्याने बहिणीला ओरडताना पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू मी विसरलेलो नाही. पाच मिनिटांपूर्वी त्याने भुशातला नकाशा पाहिला होता. आम्हाला आणि वहिनीला सोडलं तर त्या अख्ख्या वस्तीत त्या एकट्यालाच माहीत होतं की हे खोटं आहे.

"ताई, तूसुद्धा?" तो म्हणाला.

बाई त्याच्याकडे धावल्या, काहीतरी बोलल्या. गलक्यात मला ऐकू आलं नाही. त्याने हाताने शांत हो अशी खूण केली, फोन कानाला लावला आणि आत गेला. त्या पुढच्या गल्लीत वळल्या. तिकडे अजून पंधरा घरं होती. वहिनी आणि भाचीला मी स्कूटरवर घेतलं. मी त्या वेळी खाली उतरून खाटेचं एक टोक धरायला हवं होतं. सकाळसारखी चार माणसं नसली तरी दोघांनी रेटून झालं असतं ते. पण मलाही ती फट ऐकू आली होती, आणि बाईंचं चुकत असेल तर बरंच होईल, असं आत कुठेतरी वाटत होतं.

पाणी पाचच्या वीस मिनिटं आधीच आलं. नदीकडून नाही, मागून, गटारांतून वर आलं, आणि लोकांना कळेपर्यंत गल्ली गुडघाभर झाली होती. पुलावरून परत जाऊ पाहणाऱ्या बाईंना तीन माणसांनी धरून ठेवलं. त्या ओरडत होत्या, की मला सोडा, त्याला मीच थांबवलंय. एका गच्चीवर अडकलेल्या माणसाने नंतर सांगितलं ते असं: सुताराने म्हातारीला एका नव्या दारावर निजवलं होतं आणि तो ते दार पाण्यातून ढकलत उंबऱ्याबाहेर आला होता. दाराचं एक टोक त्याच्या हातात होतं. दुसरं प्रवाहाने फिरवलं. त्याने दार सोडलं नाही.

बाकी एकेचाळीस घरांतला एकही माणूस गेला नाही. आमच्या कड्याला पाणी शिवलंही नाही. माझ्या कुंड्यासुद्धा जागच्या जागी होत्या. त्या मी फोडून टाकल्या.

चौकशी तीन महिन्यांनी बसली. धरणाचं ऑफिस म्हणालं, आमचं पत्र बरोबर आहे. नगर कार्यालय म्हणालं, आमचाही डावा बरोबरच आहे. दोन्ही खरं होतं, तेव्हा दोषी कोण हे शोधताना अधिकाऱ्यांना बाई सापडल्या. धरण फुटल्याची अफवा तुम्ही पसरवली का, त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. ती खोटी आहे हे माहीत होतं का? हो म्हणाल्या. मी साक्षीला मागे बसलो होतो. वहिनी आली होती, पण बाईंच्या शेजारी बसली नव्हती.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. कागद बाजूला सारून त्याने हलक्या आवाजात विचारलं, तुमच्यामुळे एवढे लोक बाहेर पडले, मग तुमचे भाऊ का निघाले नाहीत? त्यांना काय सांगितलं होतं तुम्ही?

बाईंनी वहिनीकडे पाहिलं.

"त्याला खरं सांगितलं," त्या म्हणाल्या.