मनीचा काही दोष नव्हता

आमच्या मनी मांजरीवर गेली चार वर्षे एक आरोप आहे आणि तो खोटा आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायचं टाळत आलो, एवढंच. आता माझे गुडघे गेले, मनीही म्हातारी झाली. तिच्या डोळ्यांदेखत खरं काय ते लिहून ठेवतो.

मी वनरक्षक होतो. धानोऱ्याच्या जंगलात उभा जन्म सागवान राखलं. (थोडं चोरीला गेलं, ते सोडा.) निवृत्तीनंतर राखायला एकच वस्तू माझ्या ताब्यात आली: लेकीचा कॉम्प्युटर. तोही फक्त एका दुपारपुरता.

लेक म्हणजे वर्षा. तिला भुताच्या खेळांचा नाद. एका खेळाचे तीन भाग तिने संपवले होते आणि चौथा चालू होता. त्यातला नायक एक दाढीवाला खाणकामगार. खाणीत आग लागली तेव्हा धाकट्या भावाला आत सोडून हा एकटाच पळाला. भाऊ मेला. तेव्हापासून हा दर भागात त्याच खाणीत उतरतो, भुतांचा मार खातो आणि भावाची माफी मागायला निघतो. माफी काही मिळत नाही.

मी आधी टिंगल करायचो. "एवढा पस्तावा होता, तं तेव्हाच काऊन नाई थांबला?"

"भेव वाटलं त्याले, बाबा," वर्षा म्हणाली. "माणसाले भेव वाटते."

त्यानंतर मीही रोज संध्याकाळी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागलो. (बायकोला वाटलं, बाप लेकीवर लक्ष ठेवतोय. मी दाढीवाल्यावर ठेवत होतो.)

चौथ्या भागाची अट अशी, की त्याच्या हातात कुऱ्हाड असते, पण ती शेवटपर्यंत एकदाही उगारायची नाही. भूत आलं तर लपायचं, नाहीतर पळायचं. असं केलं तरच भाऊ समोर येतो आणि माफ करतो. एकदा जरी उगारली, तरी सगळं पहिल्यापासून. वर्षाने तीन महिने कुऱ्हाड खालीच ठेवली होती. तिचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, नवरा घुग्घुसचा. ती म्हणायची, "सासरी गेल्यावर कुठचा खेळ, बाबा? जाच्या आधी याले माफी मिळवून देते."

ती शेवटच्या टप्प्यावर पोचली, आणि नेमकी तेव्हाच लुगडी घ्यायला गडचिरोलीला नेणारी जीप दारात आली. त्या टप्प्यावर खेळ मधेच जतन होत नव्हता. तिने तो थांबवून ठेवला आणि मला बसवलं. "इथीच बसजा. कोणालेच हात नोका लावू देऊ." मी सागवानाची शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

तासभर मी इमानदारीने बसलो. पण दाढीवाला बिचारा एका पायावर खोळंबलेला. वाटलं, त्याला निदान दुसरा पाय टेकू द्यावा. बटनं मला बघून बघून पाठ झाली होती. एक दाबलं. त्याने पाय टेकला. मग दोन पावलं चालवला. समोर खाणीबाहेरचं जंगल, एक मोठं झाड, आणि झाडाखालच्या अंधारातून काहीतरी काळं, चार पायांवर रांगत, घुरघुरत त्याच्याकडे येऊ लागलं.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत आमच्याकडे झाडाखाली काळं काही रांगलं, तर ते एकच असतं. अस्वल! मी खुर्चीवरून उठून "हट्! हट्!" ओरडलो आणि कुऱ्हाडीचं बटन दाबलं. एकदा नाही. अस्वल एका घावात ऐकत नाही.

ते उताणं पडलं तेव्हा त्याचं तोंड दिसलं. माणसाचं. दाढीवाल्यासारखंच, फक्त बिनदाढीचं.

पडदा काळा झाला आणि खालून वर नावांची यादी सरकू लागली. संपेचना. इतकी माणसं मी मारली की काय, म्हणून मी घामाघूम. (ती खेळ बनवणाऱ्यांची नावं होती, हे मागाहून कळलं.)

तेवढ्यात जीपचा आवाज आला. मनी चुलीजवळ झोपली होती. तिला उचलून आणलं आणि बटनांवर ठेवलं. ती जागीसुद्धा झाली नाही. या प्रकरणात तिचा सहभाग एवढाच.

"तुम्ही काय करून राह्यले होते?" बायकोने विचारलं. मी पाणी प्यायला गेलो होतो म्हणालो.

वर्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नावं संपेपर्यंत बघत राहिली. मग मनीला अलगद खाली ठेवलं. "जाऊ द्या, बाबा. त्याच्या नशिबातच नाई."

लग्नात पाठवणीच्या वेळी मी असा रडलो, की व्याह्यांनी पाणी आणलं. लेकीवर काय जीव आहे माणसाचा, असं मांडवभर झालं. मी वर्षाच्या कानाशी तोंड नेऊन "वर्षा, ती मनी..." एवढं म्हणालोही. ती म्हणाली, "तिले मारू नोका हं, बाबा. मुकं जनावर आहे." आणि गाडीत बसली.

त्या दिवसापासून मनीला सायीचं दूध चालू आहे. "गुन्हा बी तिनंच करावा आन् खुराक बी तिलेच?" बायको रोज विचारते.

यंदा मोहाचे लाडू घेऊन घुग्घुसला गेलो. वाक्य तयार होतं, तीन बस बदलेपर्यंत घोकत होतो. तिथे कळलं, की वर्षाला मांजर पाळायची फार इच्छा, पण सासूबाई दारात उभी करत नाहीत. मांजर किती नुकसान करते, ते त्यांनी सुनेच्याच तोंडून ऐकलं होतं. गल्लीलाही ठाऊक होतं.

वर्षाने चहा आणला. मी म्हणालो, "तुले एक सांगाचं होतं."

ती बशी खाली ठेवून समोर बसली. "सांगा ना, बाबा."

दाढीवाला जळत्या खाणीत उतरायचा. माझ्यापुढे फक्त एक कप चहा होता.

"मनी लय जाडी झाली," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये वाक्य आपोआप तोंडातून निघालं, चांगलं मोठ्याने: "कुऱ्हाड मीच चालवली. मनी झोपली होती. मले माफ कर." एकही शब्द चुकला नाही.

शेजारची बाई म्हणाली, "केलं माफ, भाऊ. आता जरा सरकून बसा."