खंडेनवमीची पिन

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आखाडा बाळापुरात ज्यांच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, त्यांच्यापैकीही कोणाला माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे गिऱ्हाईक नाही, आणि मला तुमच्याकडून काही नको. ऐकून माझी किळस आली तर येऊ द्या. शिव्या द्याव्या वाटल्या तर द्या. फक्त शेवटी मान हलवून "जाऊ द्या मिस्त्री, होतं माणसाकडून," असं म्हणू नका. ते मला चालणार नाही. का चालणार नाही ते पुढे कळेल.

आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो – कार्बोरेटरची गाडी ती गाडी. हे मी तेव्हा म्हणत होतो, आज म्हणतो, आणि पुढे जे सांगणार आहे त्यामुळे माझं हे मत तसूभरही बदलत नाही. कार्बोरेटर रस्त्यात दगा देतो, मान्य. पण दगा देण्याआधी खोकतो, अडखळतो, सांगतो. तुम्ही बाभळीखाली गाडी लावायची, वाटी खोलायची, जेटच्या बारीक भोकात फुंकर मारायची, खराट्याची काडी घालून कचरा काढायचा – निघालात. रॉकेल मिसळलेलं पेट्रोल पाजलं तरी धूर सोडत का होईना, घरी पोचवतो. आणि इंजेक्शनची, कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो ती गाडी? ती बंद पडली की नुसती बंद. तिच्यापुढे तुम्ही आणि बकरं सारखेच.

माझा बाप मेंढरं राखायचा. पाठमोरा बसलेला असला तरी कळपात कोणती मेंढी खोकली ते बरोबर सांगायचा. तो कान माझ्याकडे आला. मी तो इंजिनाला लावला, एवढाच फरक. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पूर्ण आवळायचा, दीड आटा सोडायचा, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे – आणि एका जागी गाडी खुश होते. ती जागा मला ऐकू यायची. नव्वदच्या दशकात पार हट्टा गावापासून लोक गाड्या घेऊन यायचे ते या कानासाठी. मी गर्विष्ठ होतो का? होतो. अजून आहे.

खिल्लारे सर त्याच काळात आले. जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, माझ्याच वयाचे. नोकरी लागल्यावर पहिली हौस केली ती टू-स्ट्रोक गाडीची – तीच, जी सुटली की आख्ख्या रस्त्याला कळायचं. माझ्याकडेही तसलीच एक होती, भंगारातून उभी केलेली. रविवारी आम्ही दोघे कळमनुरीच्या रस्त्याला निघायचो. कधी ते पुढे, कधी मी. चढ लागला की गिअर खाली टाकायचा, मूठ पिळायची, आणि मधेच एक क्षण असा यायचा की इंजिन एकदम मोकळं होऊन गाडी पुढे झेपावायची. त्या क्षणासाठी आम्ही दर रविवारी अंगाला तेलाचा वास लावून घ्यायचो. त्यांची गाडी सतरा-अठरा वर्षं माझ्याशिवाय कोणी खोलली नाही. थंडीत ती सुरू व्हायला दहा-बारा किका घ्यायची, चोक ओढून धरावा लागायचा. सर तेवढा वेळ माझ्या दुकानासमोर उभे राहून माझी टर उडवायचे. यांना मी मित्र म्हणू का? आज मला तो हक्क आहे की नाही, तुम्हीच ठरवा. तेव्हा म्हणायचो.

मग सरांनी नवी गाडी घेतली. नांदेडहून. लाल, पुढे काचेचं तोंड, बसायला वाकून – आणि कार्बोरेटर नाही. त्या काळात आमच्या भागात तसली पहिलीच. त्यांनी ती थेट माझ्या दुकानापुढे आणून उभी केली, कारण मला दाखवल्याशिवाय त्यांना राहवलं नसतं. शेजारच्या हॉटेलातली सगळी माणसं चहा हातात घेऊन बाहेर आली. सरांनी बटण दाबलं. ना चोक, ना किक, ना खोकला – सुरू. मी सवयीने खाली बसलो आणि स्क्रू शोधायला लागलो. बोटं फिरवून राहिलो, फिरवून राहिलो. हॉटेलवाला म्हणाला, "काहून ओ मिस्त्री, स्क्रू सापडून न्हाई राहिला का?" सगळे हसले. सरही हसले आणि म्हणाले, "मिस्त्री, हिला तुमची गरजच न्हाई. हिचं ही बराबर बघती."

एवढंच. त्यात विष नव्हतं – हे मला तेव्हाही कळलं होतं. नवी गाडी घेतलेला माणूस आनंदात जे बोलतो ते ते बोलले. पण चार माणसांत मी गुडघ्यावर बसलेलो, हाताला काळं लागायच्या आधीच मोकळा झालेलो. तुम्ही वीस वर्षं एक गोष्ट कमावली असेल आणि कोणी हसत हसत सांगितलं की ती आता नको – तर तुम्हाला काय झालं असतं? नका सांगू. तुम्हाला जे झालं असतं ते झालं असतं. तुम्ही मी केलं ते केलं नसतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजेला बसतात. पाने, पक्कड, हातोडी, स्क्रूड्रायव्हर – सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदी-कुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, त्यांना सुट्टी. दुकानात त्या दिवशी फक्त गाड्या धुऊन घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी दसरा. सर दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जायचे, त्यांच्यासाठी तो फार मोठा दिवस. त्यांची गाडी पूजेला नसायची, पण त्या दिवशी ती धुळीत माखलेली त्यांना चालायची नाही. म्हणून आदल्या दिवशी सकाळी माझ्याकडे धुवायला ठेवून गेले.

मी धुतली. स्वच्छ धुतली, मनापासून पुसली. सीट काढली होती. टाकीखाली पेट्रोलच्या पंपाच्या वायरी जिथे एकात एक बसतात तो कपलर समोर दिसत होता – बोटाच्या पेराएवढा. माझ्या शर्टाची वरची गुंडी तुटलेली, तिथं बायकोने पिन लावून दिली होती. ती काढली. कपलर सोडवला, आतल्या पितळी पत्तीची पकड पिनेनं किंचित सैल केली आणि परत जोडला. खट् आवाज झाला. वरून बघणाऱ्याला काही दिसणार नाही. सपाट रस्त्यावर गाडी चालणार, खड्ड्यात आदळली की मरणार, जरा वेळाने परत जगणार. मग मी पिन शर्टाला लावली.

आणि ऐका – पाटावरच्या एकाही हत्याराला मी हात लावला नाही. मला त्याचं बरं वाटलं होतं. नियम मोडला नाही म्हणून! हे मला आज सगळ्यात जास्त झोंबतं. माणूस काय मोडतो आणि काय सांभाळतो, बघा.

पुढचे पंधरा-वीस दिवस गाडी मधूनच बंद पडायला लागली. सर नांदेडला गेले. तिथं तिला कॉम्प्युटर लावला, कॉम्प्युटर म्हणाला काही दोष नाही. परत येताना दोनदा बंद पडली. हॉटेलासमोर चर्चा सुरू झाली आणि मी मधोमध बसून सांगायला लागलो – मी आधीच म्हणत होतो, इंजेक्शन म्हणजे फसवणूक, आपल्या रस्त्यांना कार्बोरेटरच पाहिजे. माझा शब्द लोक झेलत होते. मी मजेत होतो. खोटं कशाला बोलू?

इथपर्यंत असतं तर ही वात्रट माणसाची खोडी म्हणून खपली असती. पण एका शनिवारी संध्याकाळी सर आले. त्यांची मोठी मुलगी सुजाता, नर्सिंग शिकलेली. आरोग्य सेविकेच्या भरतीचा लेखी पेपर होता, दुसऱ्या दिवशी सकाळी, हिंगोलीत. तिचं दोन वर्षांचं घोकणं त्या पेपरासाठी. सर म्हणाले, "मिस्त्री, उद्या पोरीला न्यायचंय. एकदा बघता का हिला?"

पिन शर्टाला होती. तीच. दोन मिनिटांचं काम होतं. हॉटेलवाल्याची नजर माझ्यावर, आणखी तिघे-चौघे ऐकत होते. आणि मला ते वाक्य आठवलं – तुमची गरजच न्हाई. मी म्हणालो, "कॉम्प्युटरची गाडी हाय सर. आमाला काय कळतंय त्यातलं? नांदेडला दाखवा." शनिवारी संध्याकाळी नांदेडला! माझी टू-स्ट्रोक तिथंच भिंतीला लावलेली होती, पेट्रोल भरलेली. सरांनी एकदा तिच्याकडे बघितलं. मी वाट बघितली की ते मागतील. मागितलं असतं तर मी दिली असती, वाजत-गाजत दिली असती. त्यांनी मागितली नाही. मी विचारलं नाही.

कळमनुरीच्या पुढे गाडी बंद पडली ती परत सुरू झालीच नाही. बापलेकीनं ढकलली, मग जीप मिळाली. हिंगोलीत पोचले तेव्हा फाटक लागलं होतं. सुजाता फाटकाबाहेर उभी राहून रडली नाही, असं सर सांगायचे. एवढंच म्हणाली, "नव्या गाडीची हौस तुमची होती, बाबा." त्यानंतर ती त्या गाडीवर कधी बसली नाही. पुढची भरती निघेपर्यंत तिचं लग्न झालं होतं, पदरात लेकरू होतं. वाशीमला एका खाजगी दवाखान्यात लागली, तिथंच आहे. माहेरी आली की बापाला फोन करत नाही, बसस्टँडवरून पिशवी घेऊन चालत येते. मी तिला दुकानापुढून जाताना बघतो. ती मला "काका" म्हणते.

सोमवारी सरांनी गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली. म्हणाले, आता तुम्हीच बघा. हॉटेल रिकामं होऊन सगळे गोळा झाले. तेव्हा तरी मी गुपचूप करायचं ना? नाही. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. बंद इंजिनावर! डोळे मिटले. हुं हुं केलं. मग सीट काढली, कपलर सोडवला, पाठ लोकांकडे करून पत्ती पिनेनं पहिल्यासारखी दाबली, जोडला. बटण दाबायला सरांना सांगितलं. सुरू. टाळ्या पडल्या. नांदेडच्या कॉम्प्युटरला जे कळलं नाही ते मिस्त्रीच्या कानाला कळलं – ही गोष्ट आठ दिवसांत आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावपर्यंत गेली. पाटीवर मी रंगवून घेतलं: येथे इंजेक्शनच्या गाड्या दुरुस्त होतील. मग त्या खरोखर शिकाव्या लागल्या, शिकलो. आज जे काही माझं नाव आहे ते त्या दोन मिनिटांचं आहे.

कार्बोरेटर मोठा की इंजेक्शन, यावर मी आजही तुमच्याशी भांडेन आणि हरणार नाही. पण सरांची गाडी चांगली होती. ती नंतर नऊ वर्षं एकदाही वाटेत थांबली नाही. तिच्यात बिघाड नव्हता. जो होता तो मी केलेला.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला सर आले. हत्यारं पाटावर बसलेली. दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी पेढ्यांचा पुडा आणला होता. तो पाटाशेजारी ठेवला. मग हात जोडले – त्यांनी, मला. म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी चार लोकांत मी बोललो, तुमची गरज न्हाई म्हणून. तुमचं मन दुखवलं. त्याचं फळ माझ्या पोरीला मिळालं. मला माफ करा."

पिन माझ्या गळ्यापाशी होती. गुंडी मी अजून लावून घेतली नव्हती.

मी म्हणालो, "जाऊ द्या सर, होतं माणसाकडून. केलं माफ."

आणि त्यांनी दिलेला पेढा खाल्ला.