सिस्टरचा डबा

कोल्हारला पूल आहे, पुलाखाली प्रवरा आहे, आणि धरणातून सोडतील तेव्हा प्रवरेला पाणी आहे. पाण्याच्या एवढ्या अनुभवावर मुलीनं आम्हा दोघांचं क्रूझचं तिकीट काढलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो. उसाच्या ट्रॉल्यांपेक्षा मोठं काही तरंगताना बघावं, असं तिला वाटलं असेल.

जहाज मुंबईहून निघून कोचीला एक दिवस थांबणार होतं. मी बघायच्या जागा क्रमानं लावल्या: मासेमारीची चिनी जाळी, जुनं चर्च, राजवाडा आणि चारच्या आत परत. बायकोला कोचीत एकच काम होतं. सिस्टरचा डबा परत करायचा.

ही मुलगी सातव्या महिन्यातच झाली, तेव्हा मिशनच्या दवाखान्यात केरळच्या एक सिस्टर होत्या. बायकोला अन्न जाईना. सिस्टर रोज स्वतःच्या स्टीलच्या डब्यातून तांदळाची पेज आणायच्या आणि संपेपर्यंत समोर बसायच्या. घरी सोडलं त्या दिवशी डबा चुकून आमच्या पिशवीत आला. आमच्याकडं कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. भरून द्यावा म्हणेपर्यंत सिस्टरांची बदली झाली, मग आणखी एक, मग त्या निवृत्त होऊन गावी, कोचीच्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. डबा आमच्या फळीवर राहिला. बायकोनं त्यात कधी साधं जिरंसुद्धा ठेवलं नाही.

या वेळी तिनं शेंगदाण्याचे लाडू भरून घेतले होते. मुंबईच्या धक्क्यावर बॅगा तपासणाऱ्यानं ते बाहेर काढले. घरचं खाणं जहाजावर चालत नाही, इथंच टाका म्हणाला. टाकणं बायकोला मान्य नव्हतं. तिनं रांगेतल्या लोकांना लाडू वाटले. एक त्या तपासणाऱ्यालाही दिला, आणि त्यानं तो नियमाला धरून धक्क्यावरच खाल्ला.

म्हणजे कोचीत आम्ही रिकामा डबा घेऊन उतरलो.

रिक्षा करून मट्टनचेरीच्या बाजारात आलो. गल्लीभर सुंठ-मिऱ्याचा वास. राजवाडा जवळच होता. तो मी बाहेरून पाहिला, कारण बायको समोरच्या दुकानात काजू नाकारत होती. मी केळ्याचे वेफर्स सुचवले. ती म्हणाली, "त्यांच्याच गावचं विकत घेऊन त्यांनाच द्यायचं? त्यापेक्षा डबा समुद्रात टाका." हलवाही याच कारणानं गेला. दुपार व्हायला आली होती.

मग एका घाऊक दुकानापुढं कांद्याची थप्पी दिसली. गोण्यांवर मराठी अक्षरं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या बाजाराचं नाव. बायको माहेरचं माणूस भेटल्यासारखी तिकडं गेली आणि निवडून कांदे घ्यायला लागली. दुकानदाराला निवडलेलं आवडत नव्हतं, हे भाषा न कळताही कळलं. मी म्हणालो, लोक भेटायला जाताना फुलं नेतात, फळं नेतात. कांदे कुणी नेत नाही.

"ज्याच्याकडं फुलं पिकतात, तो फुलं नेतो," ती म्हणाली आणि झाकण दाबून बसवलं.

चिनी जाळी वाटेत रिक्षातूनच दिसली. एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला वजनाचे दगड, तत्त्व काट्याचंच. उतरून नीट बघायचं होतं. रिक्षा थांबली नाही.

वृद्धाश्रमात सिस्टर काठी टेकत बाहेर आल्या. बायकोला त्यांनी ओळखलं नाही. तिनं डबा पुढं केला. त्यांनी तो उलटा केला, तळाशी ठोकलेल्या आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि आमच्या गावच्या बोलीत विचारलं, "पोरगी जगली न्हवं?"

"जगली. तिनंच पाठवलंय आम्हाला."

 त्यांनी डबा उघडला, एक कांदा नाकाशी धरला. "ह्यो खरा कांदा. हितला लई गुळमाट."

हा कांदा जवळच्याच बाजारातला आहे, हे सांगणं मला आवश्यक वाटलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी चहा प्यालो.

निघताना सिस्टरांनी डबा आत नेला आणि परसातल्या वेलाचे वाळवलेले मिरे गच्च भरून आणला. बायको दोन पावलं मागं सरली.

"सिस्टर, डबा आता ठेवा. एवढा द्यायलाच एवढी वर्षं गेली."

"रिकामा डबा देत न्हाईत. तुमच्यातच शिकले मी," त्या म्हणाल्या. "आन भरलेला नेला, म्हंजी परत यावं लागतं."

जहाजाच्या दारात तपासणाऱ्यानं डबा हुंगला आणि जाऊ दिला. मिरे नियमात बसले. कोची पाहून झाली.

डबा पुन्हा फळीवर आहे, पण या वेळी त्याला रोज हात लागतो. आमटीत मिरे, पिठल्यात मिरे, चहातही मिरे. मुलगी फोनवर विचारते, सर्दी झाली का? बायको म्हणते, सिस्टर थकल्यात, डबा लवकर रिकामा व्हायला पाहिजे. मी खपाचा वेग पाहिला आहे. दिवाळीपर्यंत तळ दिसेल.

या वेळी रेल्वेनं जाणार आहोत. रेल्वेत लाडू चालतात.