ओवाळणीत मागितलेला बॅक

माझं माहेर आणि सासर यांच्यात चालत दहा मिनिटांचं अंतर. मधे एक मोठा रस्ता. रस्त्याच्या अलीकडची पेठ आणि पलीकडची पेठ फुटबॉलच्या मोसमात एकमेकींचं तोंड बघत नसत. लग्नात दोन्हीकडची माणसं एका पंगतीला बसली होती, पण मॅचच्या दिवशी माहेरी जायचं नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. मला ते सोयीचंच होतं. हरलेल्या घरात कुणी नीट जेवत नाही आणि अन्न वाया गेलेलं मला बघवत नाही.

कोल्हापुरात टीम असते तालमीची, आणि तालीम असते पेठेची. टीममध्ये पेठेतलीच पोरं घ्यायची, असं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण तसंच चालायचं. माझा नवरा आमच्या तालमीचा सेक्रेटरी. कचेरीत कारकून होता, अक्षर चांगलं होतं, म्हणून ते काम त्याच्याकडं आलं होतं. बाकी त्यानं आयुष्यात बॉलला पाय लावलेला नव्हता. तालमीचं छप्पर गळायचं, त्यामुळं बैठका आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात व्हायच्या, आणि चहा मी करायची.

माझा थोरला भाऊ पलीकडच्या तालमीचा बॅक होता. बारा वर्षं त्यांच्या गोलासमोर उभा राहिला. मी सांगते आहे त्या वर्षी त्याचं वय तेहतीस होतं. त्याच्या तालमीत कॉलेजची नवी पोरं तयार झाली होती आणि मागच्या मोसमात त्याला जवळजवळ सगळ्या मॅचना बाकावर बसवला होता. सकाळी उद्यमनगरात फाउंड्रीत कामाला जायचा, संध्याकाळी प्रॅक्टिसला. प्रॅक्टिस चुकवायचा नाही आणि मॅच खेळायचा नाही, असं त्याचं चाललं होतं.

आमची टीम त्याच वर्षी सेमीफायनलला शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोल खाऊन हरली. दोन्ही हेडचे, डोक्यानं मारलेले. पावसाळाभर सोप्यात तेवढाच विषय. नवरात्रात कुणीतरी माझ्या भावाचं नाव काढलं आणि मग चहाची भांडी विसळायला मला फुरसत मिळेना.

"आपली पोरं पळत्यात चांगली," पेठेतले कल्हईवाले चाचा म्हणाले. तरुणपणी ते आमचे गोलकीपर होते, त्यामुळं बॅक या विषयावर त्यांना सगळे ऐकून घ्यायचे. "पन बॅकनं पळायचं नसतंय. उभं ऱ्हायाचं असतंय. ह्या मर्दाला उभं ऱ्हायाला येतंय."

"तेहतीस वर्साचा हाय त्यो! उभा ऱ्हाईल न्हाईतर काय करंल?"

"आनि आपल्या सेंटर फॉरवर्डची नडगी कुनी फोडली, इसरला काय?"

तो सेंटर फॉरवर्ड तिथंच भिंतीला टेकून बसला होता. चार वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या पायात पाय अडकून त्याची नडगी मोडली होती आणि तेव्हापासून तो जरा लंगडत चालायचा. मी चहा घेऊन आले की नेहमी माझ्याकडं न बघता कप उचलायचा. त्या दिवशी तोच बोलला.

"माझी फोडलीया न्हवं? मग मी सांगतो. घ्या तेला. तेच्यासमोर कोन उभं ऱ्हातंय ते मला म्हाईत हाय."

 मग एकानं वारणानगरच्या कॉलनीतला कुणी बॅक सुचवला. त्याची कारखान्यात पाळी लागली तर मॅच कोण खेळणार, म्हणून ते राहिलं. मग मूळ अडचण निघाली. बाहेरच्या पेठेचा माणूस घेतला तर लोक तोंडात शेण घालतील.

"भाईरचा कसा? वैनीचा भाऊ म्हंजे पेठेचा म्हेवना झाला की."

"म्हेवना पेठेचा? मग वैनीच्या बाची गिरनी बी पेठेचीच म्हना!"

सगळे हसले. मी हसले नाही. कारण त्या गिरणीचीच मला काळजी होती.

आबांची पिठाची गिरणी माहेरच्या गल्लीच्या तोंडावर होती. अख्ख्या गल्लीचं दळण तिथं. आबा आणि आई दोघंही त्याच्यावरच जगायची. भावाच्या पगारात त्याचा संसार कसाबसा भागायचा. आणि त्या पेठेत काय होऊ शकतं, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी शाळेत असताना तिथला एक खेळाडू आपणहून दुसऱ्या तालमीत गेला. त्याला कुणी हात लावला नाही, शिवीसुद्धा दिली नाही. फक्त त्याच्या काकाच्या सलूनमध्ये कुणी खुर्चीवर बसायचं बंद झालं. शेवटी काकानं दुकान उचलून दुसरीकडं नेलं.

हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." बघू म्हणजे त्याला काही सुचत नव्हतं.

वाट चाचांनी काढली. दसरा होऊन गेला होता. खेळाडूंची नावं नोंदवायचे फॉर्म भरून द्यायला दिवाळीनंतर आठवडाभर उरणार होता. चाचांनी मला हाक मारून विचारलं, "बाई, भाऊबीज कवा हाय ओ?"

मी सांगितलं.

"मग झालं की. ताटात ओवाळनी काय घालू म्हनून भाऊ इचारनारच. तुमी सही मागा. भन मागती, भाऊ देतो. हेच्यात तालीम कुठं आली?"

सोप्यात एकदम गलका झाला. कुणीतरी माझ्या नवऱ्याच्या पाठीत थाप मारली. जणू फॉर्मवर सही झालीच.

मी म्हटलं, "मी मागणार नाही. गिरणी बंद पडली तर माझ्या आईबापाला तालीम पोसणार आहे का?"

"वैनी, असं काय करता? गिरनी कशापायी बंद पडंल?"

"सलून कशापायी बंद पडलं?"

त्यावर चाचा काहीतरी बोलणार होते, पण मी कप गोळा करून आत गेले.

भाऊबिजेला भाऊ सकाळी दहाला आला. फॉर्म नवऱ्यानं आदल्या रात्रीच देवळीत ठेवला होता, वर पेन. स्वतः तो समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. कट्ट्यावर त्या दिवशी आठ-दहा माणसं होती आणि सगळे वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र एकच होतं.

पाट मांडला, रांगोळी काढली, भावाला कुंकू लावलं. ओवाळायच्या आधी मी तो फॉर्म आणून त्याच्यासमोर ठेवला. आडून काही करायची मला सवय नाही.

"ह्यावर तुझी सही ओवाळणीत मागायला सांगितलीय मला. मी मागत नाही. पण तुला कळायला हवं, म्हणून दाखवला."

त्यानं फॉर्म बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

"मागणार नव्हतीस तर दाखवलास कशाला?"

"लपवायचं कशाला?"

"अगं, तू मागशील म्हणूनच आलो की मी," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. चाचांनी त्याला फाउंड्रीच्या दारात गाठून आधीच विचारलं होतं. तो दसऱ्याला आबांशी बोलला होता. आबा म्हणाले होते, आपणहून गेलास तर मला गल्लीत तोंड दाखवता येणार नाही. पण बहिणीनं ओवाळणीत मागितलं, तर तिला नाही म्हण, असं कुणी सांगणार नाही. गल्लीतलं कुत्रंसुद्धा त्यावर भुंकणार नाही.

म्हणजे गिरणीचा विचार सगळ्यांनी केला होता. तीन ठिकाणी बसून तिघांनी मी बोलायचं वाक्य ठरवलं होतं, आणि ते मला सांगायची गरज कुणालाच वाटली नव्हती. मी तीन आठवडे ज्या काळजीत होते, ती मी मागितलं नाही तरच खरी होणार होती. कारण सही करायचं भावानं मनात धरलं होतं, नुसतं निमित्त हवं होतं.

मला राग आला. पण निरांजन पेटलेलं होतं आणि समोर माणूस पाटावर बसलेला होता.

"आणि बोल कुणाला लागणार?" मी विचारलं.

"तुला," तो म्हणाला. निदान खोटं बोलला नाही.

"खेळायचंय तुला?"

"बाकावर बसून संपायचं न्हाय मला. एक वरीस दे."

जसं काही एक वर्ष माझ्या डब्यातच ठेवलं होतं. मी दाराकडं बघितलं. हळू मागून उपयोग नव्हता. ऐकणारं कुणी नसेल तर मागितलं काय आणि न मागितलं काय, सारखंच. शेजारच्या काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांचं माहेरही माझ्याच गल्लीतलं, संध्याकाळपर्यंत त्यांची वहिनी भेटणार होती. मी ओवाळलं आणि काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "दादा, मला साडी नको. आमच्या तालमीच्या फॉर्मवर तुझी सही हवी."

त्यानं सही केली. माझ्या बोटाचं कुंकू फॉर्मच्या कोपऱ्याला लागलं. नवरा नंतर त्याबद्दल कुरकुरला, नोंदणीच्या टेबलावर चौकशी होईल म्हणून. कुणी चौकशी केली नाही.

गिरणी चार दिवस रिकामी राहिली. पाचव्या दिवशी बायका डबे घेऊन यायला लागल्या. आबांना वाटलं, ओवाळणीची गोष्ट पटली. पटली असेलही. पण दुसरी गिरणी लांब होती आणि तिथलं पीठ भरड यायचं, हेही खरं. चार दिवस तसल्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या की कुठल्याही बाईला घराजवळची गिरणी आठवते.

त्या मोसमात भाऊ सगळ्या मॅच खेळला. आमच्या सोप्यातली चर्चा तरी थांबली नाही. तो पळत नाही, वर येत नाही, पोरांवर ओरडतो. चाचा एवढंच विचारायचे, "हेडचा गोल बसला का एक तरी?" बसला नव्हता.

सेमीफायनल नेमकी पलीकडच्या तालमीशी आली. मी लग्नानंतर पहिल्यांदा स्टेडियमवर गेले आणि बायकांच्या बाजूला बसले. आबा समोर त्यांच्या पेठेच्या लोकांत होते. आम्ही एक गोल केला होता. शेवटच्या पंधरा मिनिटांत पलीकडच्यांनी आमच्या गोलासमोर नुसता मारा लावला, आणि भाऊ एकामागून एक बॉल डोक्यानं बाहेर काढत राहिला. समोरून त्याला नाव घेऊन शिव्या येत होत्या. आबा उभे होते, पण त्यांचे हात खाली होते. आम्ही जिंकलो. फायनल हरलो, पण ती कुणी फारशी मनाला लावून घेतली नाही.

भाऊ आणखी एक मोसम खेळला आणि थांबला. माहेरच्या गल्लीत त्याला कधी कुणी वेडंवाकडं बोललं नाही. पोरानं बहिणीचा शब्द ठेवला, असंच म्हणायचे. संक्रांतीला तिळगूळ मात्र आईच्या हातावर पडायचा आणि मला सोडून पुढं जायचा. आईनं सुचवलं, मागच्या बोळातनं येत जा. मी पुढच्याच दारानं जायची.

बऱ्याच वर्षांनी भावाच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढत होते. त्या पेठेतले एक म्हातारे प्रेक्षक, एकही मॅच न चुकवणारे, शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले, "ही बघा. आमचा बॅक नेल्याली."

मी म्हटलं, "बाकावर ठेवला होता तुम्ही. तिथनं उचलला."

"सेमीफायनल गेली न्हवं आमची?"

"गेली."

"मग?"

मी त्यांच्या पानात जिलेबी वाढली आणि पुढच्या पानाकडं गेले.