फुरसं म्हण

मुंबईच्या विद्यापीठात समाजकार्य शिकणारी परप्रांतातली मुलं गेली काही वर्षं सुट्टीत आमच्याकडे चौलला मराठी बोलायला येतात. शिकायला नव्हे, बोलायला. शिकवायला त्यांच्या बाई आहेत, त्या माझ्या मैत्रीण. पुढे या मुलांना रायगडातल्या खेड्यापाड्यांत काम करायचं असतं, आणि वर्गातलं मराठी तिथे पुरत नाही. म्हणून एकेक जण चार-आठ दिवस आमच्या घरी राहतो, माझ्याबरोबर बाजारात येतो, भाजी निवडतो आणि बोलतो.

एका दिवाळीनंतर मिझोरमची एक मुलगी आली होती. अभ्यासात हुशार, पण बोलायच्या आधी सगळं वाक्य मनात जुळवून बघायची. दारावर आलेल्या कोळणीकडून बांगडे घ्यायला पाठवलं, तर रिकामं ताट घेऊन परत आली. म्हणाली, "काकू, मी क्रियापद शोधत होते. त्या पुढे गेल्या."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आमचे हे कोर्टाच्या कामाला अलिबागला गेले होते. आम्ही दोघी मागच्या वाडीत पडलेली सुपारी गोळा करत होतो. मी तिला सासरच्या गोष्टी सांगत होते, ती मधेच एखादा शब्द विचारत होती. पोफळीच्या वाळक्या झावळ्यांचा ढीग मी पायाने बाजूला सारला आणि घोट्याजवळ चटका बसला. काटा असेल असं वाटलं. मग करवत घासल्यासारखा आवाज आला. वीतभर लांबीचं, मातकट रंगाचं फुरसं अंगाची वेटोळी घासत माझ्या पायाशी बसलं होतं.

माझे चुलते फुरसं चावूनच गेले. मी तेव्हा लहान होते. शेवटी त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते मी दाराआडून पाहिलं होतं. त्यामुळे मला काय झालंय आणि पुढे काय होऊ शकतं, हे पहिल्या क्षणीच कळलं. चार पावलं मागे सरले आणि बांधावर बसले. चालायचं नाही, पाय हलवायचा नाही, एवढं डोक्यात पक्कं होतं.

घरात कोणी नाही. वाडीत मोबाईलला रेंज येत नाही. रस्त्यापलीकडे शेजारीण होती, तिच्या मुलाची रिक्षा होती. तिथवर जाऊन सांगायला ही एकच मुलगी, जिला मासे घेता आले नव्हते.

ती माझ्यासमोर उभी होती, चेहरा पांढरा पडलेला. मी म्हटलं, "रस्त्यापलीकडे जा. सांग, काकूंना फुरसं चावलं. रिक्षा आण."

"साप?" तिने विचारलं.

"साप म्हणू नकोस. फुरसं म्हण. डॉक्टरला तेच सांगायला लागेल."

"फुरसत," ती म्हणाली.

मला रडूच आलं. मी पुन्हा म्हणून दाखवलं. तिने पुन्हा चुकवलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं आणि ती पळत सुटली. पळताना ती शब्द घोकत होती, ते मला पोफळींतून ऐकू येत होतं. मग आवाज थांबला.

त्यानंतरचा वेळ किती गेला, मला सांगता येणार नाही. पाय सुजत चालला होता. ठणका गुडघ्यापर्यंत आला. ते फुरसं आता ढिगाखाली शिरलं होतं, म्हणजे दिसत नव्हतं, आणि ते दिसण्यापेक्षा वाईट होतं. मी सारखी जीभ हिरड्यांवरून फिरवत होते, रक्ताची चव लागते का बघत होते. तिला वाक्य जुळलंच नाही तर? रिक्षा गावात गेली असेल तर? माझ्या मुलाला फोन करून निरोपाचं बोलावं असंही मनात आलं, आणि फोनला रेंज नाही हे आठवून त्यातल्या त्यात बरंच वाटलं.

शेजारीण नंतर मला सांगायची, पोरगी अंगणात येऊन नुसतं "काकूंना फुरसं, काकूंना फुरसं" म्हणत उभी राहिली. शेजारणीने विचारलं, "चावलंय काय? कुठं हाय ती?" तर पोरगी म्हणाली, "व्हय, वाडीत." हे 'व्हय' मी तिला कधी शिकवलेलं नव्हतं.

शेजारणीने आणि तिच्या मुलाने मला उचलून रिक्षात घातलं. मुलगी माझा पाय मांडीवर धरून बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत मला गरगरायला लागलं होतं. डॉक्टर विचारत होते ते ऐकू येत होतं, पण उत्तर देववत नव्हतं. तीच सांगत होती. कधी चावलं, कुठे चावलं, काही बांधलं का, चालल्या का. क्रियापदं चुकत होती, "काकू चालला नाही" म्हणाली, पण डॉक्टरांना सगळं कळलं. त्यांनी रक्त गोठतंय का ते तपासलं. गोठत नव्हतं. मग सलाईनमधून सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं. तिने माझा हात धरला होता.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी बोलू शकत होते. तिच्या आईचा मिझोरमहून फोन आला. ती बराच वेळ तिच्या भाषेत बोलली. आई परत ये म्हणत असणार, हे न समजताही समजत होतं. ती गेली नाही. मी घरी येईपर्यंत राहिली, ह्यांना आमटी-भात करून घातला.

मी वाचले, पायाची सूज हळूहळू उतरली. भीती मात्र उतरली नाही. तिच्या जायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, राहिलेली सुपारी गोळा करायला येता का? मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि पुढे पाऊल टाकवेना. मग ती शेजारणीला घेऊन गेली, दोघी हातात काठ्या घेऊन, पायात ह्यांचे गमबूट घालून. दोघी बाहेर येईपर्यंत मी मागच्या दाराची कडी धरून उभी होते.